पिशव्या सतरा, हात रिकामे

प्रश्न : ताई, प्रश्न क्षुल्लक आहे, हसू नका. आमच्या घरात सतरा पिशव्या आहेत. मोजून सांगतेय. निम्म्या कुठून कुठून फुकट आलेल्या, काही मी हौसेनं घेतलेल्या, दोन सासूबाईंनी शिवलेल्या. तरीही आठवड्यातून तीन-चार वेळा मी दुकानात रिकाम्या हातानं उभी असते आणि नवी पिशवी मागून घेते. बहुतेक खरेदी कामावरून परतताना होते. पुढे बस, मग तीन जिने. माझी उंची बेताची, त्यामुळे मोठी पिशवी पायऱ्यांना घासते आणि बारीक बंदांची असली तर बोटांना काचते. एका खांद्यावर ऑफिसची पर्स असतेच. आता ठरवलंय, एकच पण कायमची पिशवी घ्यायची. कापडी घेऊ, तागाची घेऊ, की ती घडी करून मुठीत मावणारी?
ता. क. आमच्या ह्यांना पिशवी घेऊन जा म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात. त्यावरही काही उपाय असेल तर सांगा.
– सतरा पिशव्यांची मालकीण

उत्तर :
हसले नाही. उलट पत्र वाचून उठले आणि माझ्या घरातल्या पिशव्या मोजल्या. तेवीस निघाल्या. त्यातल्या चार तर एका मोठ्या पिशवीत कोंबलेल्या होत्या आणि ती मोठी पिशवी मी गेले दोन महिने शोधत होते. तेव्हा तुमच्याहून मोठ्या मालकिणीचा सल्ला समजून पुढचं वाचा.

तुमच्या पत्रातली महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात : ‘बहुतेक खरेदी कामावरून परतताना होते.’ आता त्या सतरा पिशव्यांकडे एकदा बघा. त्या सगळ्या अशा माणसासाठी आहेत, जो घरात यादी करतो, पिशवी घेतो, चपला घालतो आणि खरेदीला म्हणूनच बाहेर पडतो. असं तुम्ही महिन्यातून किती वेळा करता? बाकीच्या वेळी तुम्ही सकाळी कामाला निघता. तेव्हा संध्याकाळी दूध संपलेलं असेल, हे तुम्हालाही माहीत नसतं आणि दुधालाही. मग पिशवी घ्यायची आठवण होणार तरी कशी? तुम्ही स्वतःला विसराळू समजत असाल तर तो समज आजच सोडा.

दुसरी अडचण परतीच्या वाटेची. पिशवी घरी येते तेव्हा भरलेली असते, म्हणून ती सरळ स्वयंपाकघरात जाते. तिथे रिकामी होते आणि तिथेच कुठेतरी राहते, ओट्याखाली, खुर्चीच्या पाठीवर, फ्रीजच्या कडेला. स्वयंपाकघरातून दारापर्यंत तिला परत आणणं हे घरात कुणाचंच काम नसतं. दहा पावलांचं अंतर, पण तिथेच सगळ्या पिशव्या अडकतात. आपण म्हणतो पिशव्या कुठे जातात कळत नाही. त्या कुठेच जात नाहीत, हेच तर दुखणं आहे.

म्हणून आधी विनंती, आठ दिवस काहीही विकत घेऊ नका. त्याऐवजी प्रत्येक खरेदीनंतर बिलाच्या मागे तीन गोष्टी खरडा. दुकानात शिरण्याआधी तुम्ही कुठे होता, साधारण किती किलो उचललंत आणि त्या क्षणी तुमच्या पिशव्या कुठे होत्या. एवढंच. हा उद्योग मी केला तेव्हा कळलं की दर चार खरेद्यांपैकी तीन ठरवून केलेल्या नव्हत्या, आणि त्यांत तीन किलोंच्या वर क्वचितच काही होतं. मी मात्र तोवर बाजार उचलून आणता येईल अशाच पिशव्या जमवत बसले होते. तुमचा हिशेब वेगळा निघेल कदाचित. पण पत्रावरून वाटतं ते असं, की तुम्हाला एक कायमची पिशवी नकोय, दोन हव्यात. एक अचानकच्या खरेदीसाठी आणि एक ठरवून केलेल्या खरेदीसाठी. दोन्ही कामं एकाच पिशवीकडून करून घ्यायला गेलात तर ती पर्समध्ये मावण्याइतकी लहानही नसेल आणि बटाटे पेलण्याइतकी दणकटही नसेल.

अचानकच्या खरेदीसाठी ती मुठीत मावणारी घ्या. नायलॉन किंवा पॉलिस्टरची, ज्याला आपण पॅराशूटचं कापड म्हणतो तसली. वजन चाळीस ते साठ ग्रॅम, म्हणजे तुमच्या मोबाइलच्या एक तृतीयांशाहूनही कमी. पण घेताना दुकानातच ती उघडून परत मिटवून बघा. काही पिशव्यांना कागदाच्या होडीसारखी घडी घालावी लागते, आधी उभी, मग आडवी, मग गुंडाळी, मग बटण. हे पहिल्या दिवशी छान वाटतं. चौथ्या दिवशी तुम्ही ती तशीच टेबलावर टाकाल आणि ती अठरावी पिशवी होईल. हवी ती अशी, जिच्या आतच एक छोटा खण शिवलेला असतो आणि सगळी पिशवी त्यात बोटांनी कोंबली की झालं. कोंबायलाच हवी, घडी नको. खण सुटा असेल तर तीही घेऊ नका, तो पहिल्या आठवड्यात हरवतो.

आता ती ठेवायची कुठे? तुमच्या बाबतीत उत्तर सरळ आहे, ऑफिसच्या पर्समध्ये. पण ‘पर्समध्ये’ इतकं मोघम नको, नेमका कप्पा ठरवा, किल्ल्यांचा. घरी आल्यावर दार उघडायला किल्ली काढता आणि सकाळी किल्ली परत त्याच कप्प्यात टाकता. पिशवीला त्या किल्लीचा शेजार द्या. पीटर गोलवित्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९९९ साली मांडलेली एक गोष्ट इथे कामाला येते. नुसतं ‘मी पिशवी नेईन’ असा निश्चय करण्यापेक्षा ‘अमुक झालं की लगेच तमुक करीन’ असं आधीच बांधून ठेवलं तर माणूस ते करण्याची शक्यता बरीच वाढते. तुमच्यासाठी ते असं : पिशवीतली शेवटची वस्तू बाहेर काढली की पिशवी तिथल्या तिथे खणात कोंबायची आणि पर्सकडे जायचं. चहा त्यानंतर. चहा आधी झाला की पिशवी गेलीच म्हणून समजा.

एक उणेपण आधीच सांगते. या पिशव्यांचे बंद बहुधा पातळ असतात आणि वजन पडलं की दोरीसारखे गोळा होतात. तीन किलोंपर्यंत ठीक, पुढे बोटं लाल. पाठीमागे कापडाची दुहेरी पट्टी घातलेले रुंद बंद मिळाले तर तीच निवडा. घरी आणल्यावर एकदा परीक्षा घ्या. लिटर लिटर पाण्याच्या चार बाटल्या भरा (एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, वजनकाटा नको) आणि तुमचे ते तीन जिने चढा. दुसऱ्या मजल्यावर हात बदलावासा वाटला तर तिची मर्यादा तुम्हाला कळली.

ठरवून केलेल्या खरेदीच्या पिशवीबद्दल मात्र मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तिथे माझे हात पोळले आहेत. खरं तर पाय. काही वर्षांपूर्वी दिसायला देखणी, जाड कापडाची एक पिशवी घेतली होती. कापड असं की दहा वर्षं हलणार नाही. जिन्यात, शेवटच्या चार पायऱ्या राहिलेल्या असताना, तिचा एक बंद शिवणीसकट निघून हातात आला. काचेची तेलाची बाटली खाली, तेल माझ्या पायांवर आणि शेजाऱ्यांच्या पायपुसण्यावर. पिशवीचं कापड अजून शाबूत आहे, मी त्यानं फरशी पुसते. धडा असा, की पिशवी कापडात फाटत नाही, जोडात फाटते. तेव्हा दुकानात कापड चुरगाळून बघण्याआधी पिशवी उलटी करा आणि बंद जिथे शिवलाय ती जागा बघा. तिथे एक चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण हवी. नुसती एक आडवी टीप असेल तर ठेवून द्या. त्याहून चांगली पिशवी म्हणजे जिचे बंद वरच्या काठावर संपत नाहीत, ते दोन्ही बाजूंनी खाली उतरून बुडाखालून फिरून वर येतात. मग वजन शिवणीवर लटकत नाही, पट्ट्याच्या झुल्यात बसतं.

बंदांची रुंदी तुमच्या बोटांसाठी. दोन सेंटिमीटरचा बंद चार सेंटिमीटरचा केला की तेच वजन दुप्पट जागेवर पसरतं आणि काचणं साधारण निम्म्यावर येतं. फक्त पट्टी जरा ताठ हवी. मऊ पट्टी कितीही रुंद घेतली तरी वजन आलं की तिची सुतळी होते.

आणि आता तुमची उंची. पिशव्या शिवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कुणीतरी ताडमाड माणूस असावा, असा माझा जुना संशय आहे. घरातच मोजा. रोजच्या चपला घालून ताठ उभ्या राहा, हात सैल सोडा, मूठ मिटा आणि मुठीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायला कुणाला तरी सांगा. समजा ते पासष्ट सेंटिमीटर भरलं. जिन्याची एक पायरी पंधरा ते अठरा सेंटिमीटरची असते, ती वजा. भरलेली पिशवी ओझ्यानं थोडी ताणते, त्यासाठी आणखी दोन-तीन सोडा. उरले चव्वेचाळीस-पंचेचाळीस. बंद धरून पिशवीची एकूण लांबी त्याहून जास्त असता कामा नये, म्हणजे पिशवी बत्तीसची आणि बंद बाराचा, असं काहीतरी. खांद्याला अडकवायची पिशवी तुम्ही हातात धरता म्हणून ती घासते. तिचा बंद पंचवीस सेंटिमीटरचा असतो, कारण त्यातून बाहीसकट दंड जायचा असतो. काही पिशव्यांना बंदांच्या दोन जोड्या असतात, जिन्यासाठी आखूड आणि बससाठी लांब. तुमच्यासाठी मी तीच शोधेन. उंची कमी झाली म्हणून माल कमी मावेल ही भीती नको, बूड पंधरा-अठरा सेंटिमीटर रुंद घ्या. रुंद बुडाची पिशवी बसमध्ये पायाशी उभीही राहते, लवंडून टोमॅटो सीटखाली पळत नाहीत.

सहा किलोंच्या वर सामान असेल तर एका हातात सगळं घेऊ नका, दोन पिशव्यांत वाटून दोन हातांत घ्या. किंवा पाठीवरची बॅग न्या. ती खरेदीची पिशवी म्हणून कुणी मोजत नाही, पण पर्स आणि तीन जिने असताना तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही.

कापडी की तागाची, हा तुमचा मूळ प्रश्न. तुम्हाला वाटलं असेल मी इथूनच सुरुवात करीन. ताग दिसतो छान, वजनही पेलतो, पण ओला झाला की लवकर वाळत नाही, कुबट वास धरतो आणि धुवायला नको म्हणतो. कोरड्या सामानाला उत्तम. सुती कॅनव्हास धुवायला सोपा, पहिल्या धुण्यात थोडा आटतो, आणि जाड घेतला तर रिकामी पिशवीच दोनशे ग्रॅमच्या आसपास जाते. ती खरखरीत, न विणलेली, दुकानादुकानांत मिळते ती पिशवी प्लास्टिकचीच असते, पॉलिप्रॉपिलीनची. हलकी, स्वस्त, पण गॅलरीत उन्हात टांगून ठेवली तर काही महिन्यांत तिचा भुगा व्हायला लागतो. सावलीत ठेवा, बरीच टिकते.

पर्यावरणाचं म्हणाल तर इथे एक कडू घोट आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेनं २०१८ साली हिशेब मांडला होता. हवामानावरचा परिणाम एवढाच बघितला तरी सुती पिशवी दुकानातल्या साध्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला ५२ वेळा वापरावी लागते. पाणी, माती, ओझोन असे सगळे परिणाम मोजून त्यातला सर्वांत वाईट धरला तर ७,१०० वेळा, आणि सेंद्रिय कापसाची असेल तर २०,००० वेळा. ब्रिटनच्या पर्यावरण खात्यानं २०११ साली फक्त हवामानासाठी काढलेला आकडा १३१ होता. आकड्यांत एवढा फरक कशाची तुलना कशाशी केली यामुळे पडतो, आणि गटारात-समुद्रात जाऊन अडकणारा कचरा या हिशेबांत धरलेलाच नाही, त्यामुळे प्लास्टिकला त्यातून निर्दोष ठरवू नका. पण रोज वापरली तर १३१ वेळा म्हणजे साडेचार महिनेही नाहीत. आठवड्यातून एकदा ७,१०० वेळा म्हणजे मात्र १३६ वर्षं! कापसाचं पीक वाढवून, कातून, विणून केलेली वस्तू खुंटीला नुसती लटकत राहिली की ती सगळ्यांत महागडी पडते. तुमच्या सतरांपैकी सुती असतील त्यांचा खर्च आधीच होऊन गेलाय. म्हणून दणकट पिशवी विकत घ्यायच्या आधी त्या सतरा पलंगावर पसरा आणि वर सांगितलेली मापं लावून बघा. माझी पैज आहे, सासूबाईंनी शिवलेल्या दोनपैकी एक तरी नेमकी बसेल. घरी पिशवी शिवणारी बाई बंदाला दुहेरी टीप मारते, तिला तेल सांडण्याचा अनुभव असतो. बंद लांब असेल तर आखूड करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. मग विकत घ्यायची राहिली फक्त ती मुठीतली.

धुण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, कुणीच विचारत नाही. ॲरिझोना आणि लोमा लिंडा या अमेरिकी विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१० साली लोकांच्या हातातल्या अशा पिशव्या तपासल्या. जवळजवळ कुणीच त्या कधी धूत नव्हतं आणि बऱ्याच पिशव्यांत जंतू होते. साध्या धुण्यानं त्यातले ९९.९ टक्के गेले, म्हणजे भीतीचं कारण नाही, आळसाचं आहे. कच्चं मांस-मासे आणत असाल तर त्यांची पिशवी वेगळी ठेवा आणि दर वेळी धुवा, बाकीच्या महिन्यातून दोनदा. सुती पिशवी गरम पाण्यात चालते. पॉलिप्रॉपिलीनची गार पाण्यात हातानं, आणि इस्त्री लावू नका, वितळेल. बाथरूममध्ये मात्र पिशवी टांगू नका. २०१० मध्येच अमेरिकेतल्या ओरेगनच्या मुलींच्या एका फुटबॉल संघाला पोटाचा संसर्ग झाला होता. त्याचा माग काढत गेल्यावर पहिल्यांदा आजारी पडलेल्या मुलीनं वापरलेल्या हॉटेलच्या बाथरूममध्ये ठेवलेली खाऊची पिशवी सापडली. त्या आजारी मुलीनं पिशवीला हातही लावला नव्हता, बाकीच्या मुलींनी मात्र पिशवीतला खाऊ खाल्ला होता.

उरलेल्या सोळांचं काय? दोन ऑफिसच्या खणात ठेवा, एक गाडी असेल तर गाडीत. ज्यांचे बंद उसवलेत त्या कपाटात चादरी बांधून ठेवायला, किंवा माझ्यासारख्या फरशीला. बाकीच्या पिशव्या पाहुणे जाताना त्यांच्या हातात सामान घालून द्या आणि परत मागू नका. फुकट मिळणारी पिशवी इथून पुढे नाकारा. हे सांगायला सोपं आहे, मला अजून जमत नाही.

आता तुमचे ‘हे’. त्यांच्या आठ्यांना शास्त्रीय आधार आहे, असं त्यांना सांगू नका, पण आहे. २०१६ साली ग्राहकांच्या वागण्यावर झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की अशा पर्यावरणाला जपणाऱ्या वागण्याला लोक, पुरुष आणि बायका दोघंही, नकळत बायकी समजतात आणि म्हणून पुरुष ते टाळतात. यावर वाद घालत बसू नका, वेळ जातो. त्यांना बरोबर घेऊन त्यांच्या पसंतीची मुठीतली पिशवी घ्या, काळी, निळी, हवी ती, फुलं नकोत, आणि ती त्यांच्या किल्ल्यांच्या रिंगला अडकवून टाका. पिशवी हातात दिसतच नाही म्हटल्यावर लाजायचं कशाला? तरीही कुरकुर केलीच, तर त्यांना स्वीडनच्या स्टेन गुस्ताफ थुलीन या गृहस्थांची गोष्ट सांगा. आज जगभर दिसते ती बनियनच्या आकाराची प्लास्टिकची पिशवी यांची. १९६५ साली तिचं अमेरिकी पेटंट मिळालं. ती पुन्हा पुन्हा वापरायची म्हणूनच त्यांनी काढली होती, असं त्यांच्या मुलानं पुढे सांगितलं, आणि वडील स्वतः एक पिशवी घडी करून कायम खिशात घेऊन फिरायचे.

आठ दिवसांची बिलं जमली की मला जरूर कळवा. आणि सासूबाईंची कुठली पिशवी बसली तेही.